वाऱ्यावर सोडली

कामावर तिला सगळे घार म्हणत. जमिनीपासून बासष्ट मीटर उंच, काचेच्या एवढ्याशा खोलीत बसून ती दिवसभर खाली नजर लावून असायची. कोण टोपी न घालता फिरतंय, कोण वाळूच्या ढिगाआड डुलकी काढतंय, सगळं तिला बरोबर दिसायचं. हे नाव आधी कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं. चौदा वर्षं ती क्रेन चालवत होती आणि त्यातली अकरा वर्षं खालून वॉकीटॉकीवर इशारे देणारा माणूस एकच होता. त्यांना सगळे मामा म्हणत. मामांच्या आवाजावर ती ओझं उचलायची, मामांच्या आवाजावर ठेवायची. दोघांनी एकमेकांच्या घरचा चहा कधी घेतला नव्हता, पण मामांना सर्दी झालीय हे त्यांच्या बायकोच्या आधी घारीला कळायचं.

तिचा नवराही क्रेनचाच माणूस. फिटर. क्रेन उभी करायची, तिची हाडं तपासायची, तेलपाणी बघायचं, हे त्याचं काम. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी दाढी करताना त्याच्या हातातून ब्रश गळून पडला. तो उचलायला वाकला आणि उठलाच नाही. उजवी बाजू लुळी पडली, बोलणंही गेलं. उरले ते दहा-बारा शब्द, तेही अर्धे. शेजारचे म्हणाले, अंगावरून वारं गेलं. घारीला त्या बोलण्याचा राग यायचा. वाऱ्याशी तिची रोजची गाठ. वारं कधी बंद न्हाणीघरात शिरून माणसाची नेमकी एकच बाजू नेत नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. पण डॉक्टरांनी सांगितलेलं लांबलचक नाव तिच्या जिभेवर बसेना. शेवटी कुणी विचारलं की तीही मान खाली घालून तेच सांगायला लागली.

ती सकाळी साडेसहाला घर सोडायची. दुपारी नणंद यायची. दोन गल्ल्या सोडून राहणारी, नवऱ्याहून चार वर्षांनी मोठी. भावाला भरवायची, कूस बदलून द्यायची, त्याची नखं कापायची. हात प्रेमळ होते; जीभ मात्र तिखट. संध्याकाळी घार दारात आली की नणंद चपला घालता घालता कुणालाच उद्देशून नाही असं म्हणायची, "माणसाला असं वाऱ्यावर सोडून आभाळात जाऊन बसायचं. जमतं बाई काही जणींना."

घार डबा काढून घासायला घ्यायची. ती वर बसते म्हणून खाली चूल पेटते, हे तिलाही माहीत होतं आणि नणंदेलाही. पण ते वाक्य रोज तिच्याबरोबर शिडी चढायचं.

क्रेनच्या धंद्यात या शब्दांचा अर्थ मात्र अगदी उलटा. क्रेनच्या आडव्या लांब हाताला गोल फिरवणाऱ्या दोन मोटरी असतात आणि प्रत्येक मोटरीला एक ब्रेक. काम संपलं की हे ब्रेक मोकळे करायचे. मग तो पन्नास मीटरचा हात वाऱ्याबरोबर आपला आपण फिरतो, वाऱ्याकडे पाठ करतो आणि शांत उभा राहतो. ब्रेक लागलेले राहिले आणि वादळ आडवं आलं, तर सगळा जोर खांबावर येतो. खांब किती सोसेल ते कुणी सांगू शकत नाही. म्हणून कामावर सगळ्यात मोठी काळजी कोणती, तर निघण्यापूर्वी क्रेन वाऱ्यावर सोडली का. नवऱ्याने पहिल्याच आठवड्यात तिला बजावलं होतं, "घरचा गॅस चालू राहिला तरी परतून येऊ नकोस. पण क्रेन सोडायची राहिली तर स्टेशनवरून परत ये."

त्या दिवशी सकाळपासून वारा होता, पण कामापुरता. खोलीच्या छपरावर वाऱ्याचा वेग मोजणारी तीन वाट्यांची एक फिरकी होती आणि ताशी किती किलोमीटर तो आकडा घारीच्या समोर दिसायचा. पस्तीसच्या वर रुंद वस्तू उचलायची नाही, पन्नासच्या वर काहीच उचलायचं नाही. दुपारी साडेतीनला आकडा अठ्ठावीस होता. भिंत ओतायचा एक शेवटचा साचा चौदाव्या मजल्यावर न्यायचा होता. लोखंडी चौकट, पत्र्याची पाठ, दोन खोल्यांच्या भिंतीएवढी रुंद.

"मामा, पश्चिमेकडे धूळ दिसतेय," ती म्हणाली.

"मला खालून नुसती भिंत दिसते गं. साहेब म्हणतायत, हा एकच."

साहेब म्हणजे कामावरचा इंजिनिअर. दीड महिन्यापूर्वी आलेला, हुशार, भराभर चालणारा, आणि वेळापत्रक खिशात घेऊन झोपणारा. त्याचा आवाज मध्येच आला, "बाई, अठ्ठावीसच आहे ना? घ्या वर."

घारीने घेतला. आठव्या मजल्यापर्यंत साचा सरळ आला. नवव्याला त्याने अंग वळवलं. दोन कामगार खालून दोर धरून होते. घारीला दिसलं की त्यांचे पाय घसरतायत. आकडा एकेचाळीस झाला.

"दोर सोडायला सांगा, मामा!"

"सोडा रे! सोडा दोर!"

दोघे बाजूला झाले आणि तो साचा हवेत पतंगासारखा गरकन फिरला. इमारतीच्या कडेला लागला असता तर नवव्या मजल्यावरचे गवंडी पत्त्यांसारखे उडाले असते. घारीने क्रेनचा हात इमारतीपासून दूर नेला, हळू, अगदी हळू, कारण घाई केली की ओझं आणखी झुलतं. तिच्या कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरत होता आणि पुसायला हात मोकळा नव्हता.

"खाली ये," मामांचा आवाज सुरू झाला. "खाली... खाली... सावकाश, आता डावीकडे दोन हात... थांब. झुलू दे. थांब. आता खाली. टेकला. घारे, टेकला!"

साखळ्या सोडून झाल्या. आकडा एकसष्ट. ती हुक वर ओढायला लागली, कारण हुक पूर्ण वर आणि खांबाजवळ घेतल्याशिवाय क्रेन सोडायची नसते. तेवढ्यात साहेबाचा आवाज चिरकला, "बाई, ब्रेक लॉक करा आणि खाली या! ताबडतोब!"

"लॉक नाही साहेब. हुक घेते आणि वाऱ्यावर सोडते."

"अजिबात सोडायची नाही! हात फिरला तर शेजारच्या इमारतीवर जाईल. लॉक करा! हा हुकूम समजा."

ती बोलायला तोंड उघडणार तोच समोरचा आकडा विझला. पंखा थांबला. खाली छपराचे पत्रे उडून तारांवर पडले होते, ठिणग्या उडत होत्या, आणि साहेबाने वायरमनला सांगून विजेचा मुख्य खटका ओढायला लावला होता. वर न सांगता. वीज गेली की ब्रेक आपोआप घट्ट बसतात. हुक अर्ध्यावर लोंबकळत राहिला आणि हात वाऱ्याला आडवा, छाती काढून उभा राहिला.

मग खांब बोलायला लागला. चौदा वर्षांत तिने क्रेनचे सगळे आवाज ऐकले होते, पण हा नव्हता. खालून कुठून तरी, जाड, कण्हल्यासारखा. आधी खोली एका बाजूला कलायची आणि परत यायची. आता कलत होती आणि परत यायला वेळ लावत होती.

तिने वारा जातो त्या बाजूला खाली पाहिलं. तिकडे कामगारांची पत्र्याची लांब शेड होती. धूळ उठल्यावर सगळे धावत त्यात शिरले होते. चाळीस तरी माणसं असतील. खांब मोडला तर नेमका तिथे जाणार होता.

वॉकीटॉकी चालू होता. "मामा, शेड रिकामी करा."

"काय? ऐकू येत नाही! तू उतर गं, उतर!"

शिडीने उतरायला नऊ मिनिटं लागतात. शेडपर्यंत कुणी पोहोचून माणसं बाहेर काढायला किती, ते तिने मोजलं नाही. तिने सुरक्षेचा पट्टा कंबरेला अडकवला, दार ढकललं. वाऱ्याने ते आधी उघडूच दिलं नाही आणि मग हातातून हिसकावून घेतलं. खोलीच्या खाली, जिथे क्रेनचा हात खांबावर फिरतो, तिथे जाळीची अरुंद फळी होती. फिटर लोक तिला क्रेनची कंबर म्हणत. तिथेच त्या दोन मोटरी, आणि प्रत्येक मोटरीच्या डोक्यावर ब्रेक हाताने उघडायचा एकेक दांडा.

पहिला दांडा तिने दोन्ही हातांनी ओढला. आला. दुसरा येईना. कुणीतरी रंग देताना सांध्यावरही दिला होता आणि तो वाळून चिकटला होता. तिने पट्टा कठड्याला बांधला, जाळीवर पाठ टेकली आणि बुटाच्या टाचेने लाथ घातली. काही नाही. दुसरी घातली. दुसऱ्या लाथेला ती ओरडली. काय ओरडली ते नंतर तिला आठवेना, नवऱ्याचं नाव असावं. तिसऱ्या लाथेला दांडा मागे गेला.

क्षणभर काहीच झालं नाही. मग डोक्यावरचा सगळा डोलारा हलला आणि फिरू लागला. तिच्यासकट. घर, रस्ता, धूर, पुन्हा घर. अर्धवट लोंबणारा हुक दोरासकट बाहेर फेकला गेला, शेजारच्या चार मजली इमारतीच्या गच्चीवरून गेला, आणि तिथली पाण्याची काळी टाकी फुटलेली तिला दिसली. पांढरं पाणी उडालं. एवढंच तिने पाहिलं. मग हात वाऱ्याकडे पाठ करून थांबला, आणि खांबाचं कण्हणंही थांबलं.

ती पाऊण तास तिथेच जाळीवर पालथी पडून होती. वारा बसल्यावर उतरली. मामा शिडीच्या तोंडाशी उभे होते. त्यांनी तिचा हात धरला.

"उभी आहे," ते म्हणाले. "क्रेन उभी आहे गं."

"शेडमधले?"

"सगळे ठीक." मग त्यांनी नजर वळवली. "पण त्या गच्चीवर एक बाई होती. कपडे काढायला गेली होती. टाकीचा तुकडा लागला. हात मोडलाय म्हणतात."

त्याच संध्याकाळी ऑफिसात जबाब घेतले. लिहिणारा कारकून नवा होता. त्याने विचारलं, तुम्ही काय केलंत? घार दमली होती, होतं ते सांगितलं, "मी क्रेन वाऱ्यावर सोडली." कारकुनाने तेवढंच लिहिलं. तिने सही केली. साहेबाच्या जबाबात होतं की लॉक करण्याचा स्पष्ट आदेश असताना ऑपरेटर बाईंनी क्रेन वाऱ्यावर सोडली आणि त्यामुळे एका महिलेला गंभीर दुखापत झाली. खटका कुणी ओढला याबद्दल त्यात अक्षर नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिला पत्र मिळालं: चौकशी होईपर्यंत कामावर येऊ नये.

चौकशी पुढच्या बुधवारी होती. मध्ये सहा दिवस. घरात बसायची तिला सवय नव्हती. छप्पर इतक्या जवळ आल्यासारखं वाटायचं की ती वाकून चालायची. तिसऱ्या दिवशी मामा आले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच घरी आले आणि खुर्चीच्या कडेवर बसले.

"माझ्याकडूनही सही घेतली," ते म्हणाले.

"कशावर?"

"हेच. की क्रेन वाऱ्यावर सोडली आणि हुक गच्चीवर गेला."

"मग खोटं काय आहे त्यात?"

"तेच तर. सगळं खरं आहे. साहेबाने विचारलं, हे शब्द खरे आहेत ना? मी म्हटलं, आहेत. तो म्हणाला, मग करा सही." मामांनी टोपी गुडघ्यावर ठेवली, उचलली, परत ठेवली. "खटक्याचं मी काढलं नाही. नोकरीचे आठ महिने राहिलेत माझे. वारा येईल तशी पाठ द्यावी म्हणतात."

घारीने चहाचा कप त्यांच्यासमोर ठेवला. कान फुटला नव्हता अशा कपात. "ते क्रेनसाठी आहे, मामा," ती म्हणाली. "माणसासाठी नाही."

त्यांनी चहा अर्धा ठेवला आणि गेले.

नणंद स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिला वाटलेलं तिने पोटात ठेवलं असतं तर ती नणंद कसली. "म्हणजे तूच सोडलीस तर," ती म्हणाली. "सही पण केलीस. मी रोज बोलते तर मी वाईट. आता तर लेखीच झालं."

आणि दोन वर्षांत पहिल्यांदा घारीचा बांध फुटला. "वन्सं, तुम्हाला माहीत तरी आहे का त्याचा अर्थ? सोडली नसती तर चाळीस जण मेले असते! पण ते मेले नाहीत ना, मग कुणाला दाखवू? न पडलेल्या क्रेनचा पुरावा कुठून आणू मी?"

पलंगावरून आवाज आला. नवरा डाव्या हाताने भिंत थोपटत होता. "पु," तो म्हणत होता. "पु... पु..."

"पाणी?" नणंद धावली.

त्याने रागाने मान हलवली. "पु... वर." डोळे कपाटाच्या माथ्यावर. तिथे त्याची जुनी पत्र्याची पेटी होती, दोन वर्षं कुणी न उघडलेली. घारीने स्टुलावर चढून ती काढली. पाने, पक्कड, सुकून दगड झालेलं हातपुसणं, आणि सगळ्यात खाली, ग्रीसच्या डागांनी काळं पडलेलं, त्याच क्रेनच्या कंपनीचं जाड पुस्तक. छापील मजकूर परक्या भाषेतला. पण फिटरने पानापानाच्या कडेला पेन्सिलीने आपल्या भाषेत लिहून ठेवलं होतं, पुढे येणाऱ्या नव्या पोरांना समजावं म्हणून.

त्याने डाव्या हाताने पानं उलटायचा प्रयत्न केला. पुस्तक मांडीवरून घसरलं. नणंदेने ते उचललं, त्याच्यासमोर धरलं आणि तो मान हलवेपर्यंत एकेक पान उलटत राहिली. बराच वेळ लागला. शेवटी त्याने एका पानावर तळहात आपटला.

नणंद वाचायला लागली. तिला चष्म्याशिवाय अवघड जायचं, म्हणून शब्द तोडून तोडून. "काम संपलं की, किंवा... वारा पन्नासच्या वर गेला की, क्रेन... वाऱ्यावर सोडणे. न सोडल्यास पडेल. वीज नसल्यास... खालचे दोन दांडे हाताने." शेवटच्या ओळीखाली दोन रेघा होत्या. "दुसऱ्याचं ऐकू नये."

नणंदेने पुस्तक मिटलं, पदराने त्यावरची धूळ पुसली. मग भावाकडे पाहून म्हणाली, "अक्षर काय सुंदर होतं रे तुझं." आणि घारीकडे न पाहता, "बुधवारी मी सकाळीच येते. दिवसभर बसते याच्याजवळ. तू निघ वेळेवर."

चौकशी ऑफिसच्या मागच्या खोलीत होती. एक टेबल, पाण्याचा जग, बंद पडलेलं घड्याळ. मुख्य कार्यालयातून आलेल्या अधिकारी बाई साठीच्या आसपासच्या, आवाज न चढवणाऱ्या. क्रेनमधलं मला काही कळत नाही, हे त्यांनी आधीच सांगून टाकलं. साहेब खिडकीजवळ बसला होता, इस्त्रीच्या शर्टात. मामा दाराजवळ.

"'मी क्रेन वाऱ्यावर सोडली.' हे तुमचंच वाक्य?" बाईंनी विचारलं.

"माझंच."

"म्हणजे यंत्र तुमच्या ताब्यात असताना तुम्ही ते सोडून दिलंत."

"सोडून नाही दिलं. वाऱ्यावर सोडलं."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मला यात फरक दिसत नाही."

"म्हणूनच मी इथे बसलेय, बाई," घार म्हणाली आणि पुस्तक पुढे सरकवलं.

बाईंनी आधी छापील मजकूर वाचला, मग पेन्सिलीचा, मग पुन्हा छापील. खोलीत पान उलटल्याचा तेवढा आवाज. साहेब म्हणाला, "पुस्तकात काय, सगळंच असतं. प्रत्यक्षात शेजारी इमारत होती. आदेश माझा होता."

"एक सांगा," बाई त्याच्याकडे वळल्या. "रोज संध्याकाळी काम संपल्यावर ही क्रेन कशी ठेवतात?"

साहेब थबकला. "व्यवस्थित बंद करून."

"ब्रेक लावून की काढून?"

"ते... ऑपरेटर बघतात. लावूनच असणार. सुरक्षित म्हणजे..."

त्याला कळलं की आपण कुठे पाऊल टाकलं, पण टाकून झालं होतं. बाईंनी दाराकडे पाहिलं. "तुम्ही सांगा."

मामा उभे राहिले. घारीने त्यांच्याकडे पाहिलं नाही. टेबलावरच्या पाण्याच्या गोल डागाकडे बघत राहिली. तिला त्यांचा श्वास ऐकू येत होता, वॉकीटॉकीवर यायचा तसाच.

"रोज वाऱ्यावरच सोडतात, बाईसाहेब," मामा म्हणाले. "अकरा वर्षं रोज बघतोय. शेजारी इमारत असो नसो. त्या दिवशी हुक वर घेऊन ती नीट सोडणारच होती. तिने ओढायला सुरुवात केली होती. मध्येच खटका ओढला. म्हणून हुक अर्ध्यावर राहिला, आणि म्हणून टाकी फुटली."

"खटका कुणी ओढला?"

"वायरमनने. साहेबांच्या सांगण्यावरून. वर कुणी कळवलं नाही. मी तिथेच उभा होतो."

"हे तुमच्या जबाबात नाही."

"नाही. विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही." मामांनी ओठ ओले केले. "घाबरलो होतो. लिहून घ्या तेही."

बाईंनी लिहून घेतलं. लिहिता लिहिता त्या घारीला म्हणाल्या, "तारा पेटल्या होत्या तर खटका ओढणं चूक म्हणता येणार नाही."

"नाही म्हणत मी," घार म्हणाली. "पण एक शब्द सांगायचा होता. मला अर्धं मिनिट पुरलं असतं."

साहेबाचा चेहरा उतरला होता. तो वाईट माणूस नव्हता. त्याला माहीत नव्हतं आणि माहीत नाही हे म्हणायची लाज वाटली, एवढंच. पण एवढ्यानेच माणसं मरतात.

निकाल नऊ दिवसांनी आला. घारीवर दोष नाही. साहेबाची बदली झाली आणि क्रेनचा खटका वेगळा करून त्याची किल्ली मामांकडे दिली गेली. शेडही तिथून हलवली. मामांच्या आठ महिन्यांना कुणी हात लावला नाही. घार कामावर परतली त्या सकाळी ते वॉकीटॉकीवर नेहमीपेक्षा कमी बोलले, आणि तीही. जुना सूर परत यायला बरेच दिवस लागले. थोडा कुठे तरी राहिलाच.

घरात नणंदेचं ते वाक्य बंद झालं. जिभेचं तिखट गेलं नाही, इतर गोष्टींकडे वळलं.

पण घारीच्या मनात एक गोष्ट कुसळासारखी राहिली होती. निकालाच्या पत्रात त्या गच्चीवरच्या बाईबद्दल एकच ओळ होती. रविवारी ती त्या चार मजली इमारतीत गेली. तिसऱ्या मजल्यावर दार उघडंच होतं. आत शिलाई मशीन, भिंतीला शाळेच्या गणवेशांचे ढीग, आणि मशीनसमोर पन्नाशीची एक बाई, उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये.

"कोण हवंय?"

"मी क्रेन चालवते. त्या दिवशी वर मीच होते."

शिंपीण बाईने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आत या" म्हणाली नाही. "मी तुम्हाला दिसले होते का?" तिने विचारलं.

घारीने उत्तर वाटेत तयार केलं होतं: चाळीस माणसं, खांब, ब्रेक. त्यातलं एकही तोंडाबाहेर आलं नाही. "नाही," ती म्हणाली. "मी त्या बाजूला पाहिलंच नाही. मी शेड बघत होते."

"आणि दिसले असते तर?"

खाली रस्त्यावर कुणीतरी मोटरसायकल सुरू करत होतं आणि ती होत नव्हती.

"तरी सोडली असती," घार म्हणाली.

बाईचे डोळे भरून आले. रागाने की कशाने, घारीला कळलं नाही. ती दारातच उभी राहिली; शिव्या आल्या तर ऐकून घ्यायच्या असं ठरवून आली होती. त्या आल्या नाहीत. बाईने नाक डाव्या बाहीला पुसलं आणि म्हणाली, "खोटं बोलला असतात तर हाकलून दिलं असतं." मग मशीनकडे मान वळवली. "शाळा उघडायला पंधरा दिवस आहेत. शिवायला बहीण येते, पण तिला जवळचं दिसत नाही. एका हाताने मला सुईत दोरा ओवता येत नाही. येतो तुम्हाला?"

घारीने चपला काढल्या. खिडकीजवळ उजेडात गेली, दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं केलं. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा गेला.

"अजून बारा आहेत," शिंपीण बाई म्हणाली आणि सुयांचा डबा पायाने तिच्याकडे सरकवला.